बरोबर घर कोणतं

या, बसा. जरा आत सरका, दारात बसून गोष्ट ऐकली की अर्धी बाहेर जाते. आज सांगतो ती एका रविवारची गोष्ट. एक दगड होता आणि त्या दगडाला गुंडाळलेला एक कागद. आधीच सांगून ठेवतो, ऐकताना राग येईल. येऊ द्या. मला सांगताना दर वेळी येतो.

छापखान्याचं घर तुमच्या ओळखीचं असेल, नसलं तरी अडत नाही. खाली छापखाना, वर राहायच्या खोल्या. भावंडं तीन. अक्का थोरली. पुस्तकं शिवायची, बांधायची, कागदांच्या घड्या घालायच्या, हे तिचं काम. मधला दादा, तो खिळे जुळवतो. म्हणजे शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ उभी करतो. आणि धाकटा मशीनवर. त्याला सगळे धाकटाच म्हणतात, डोक्यावरचे केस गेले तरी.

दादा छत्रीवाल्यांचा, धाकटा शिडीवाल्यांचा. मतपेटीपुरतं असतं तर कोण विचारतो. पण सहा वर्षांपूर्वी निकालाच्या दिवशी दोघांत अशी जुंपली की भर जेवणात ताट उडालं. तेव्हापासून एकमेकांशी शब्द नाही. एकाच खोलीत, दहा पावलांवर. "अक्का, त्याला सांग शाई पातळ झालीय." "अक्का, त्याला सांग शाई बरी आहे, चष्मा बदल म्हणावं." मध्ये अक्का. हातात घडी आणि तोंडात यांचे निरोप. पोस्टमनला निदान सायकल तरी मिळते.

तर त्या रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला अक्का बाहेरून आली. पदर खोचलेला, बोटाला चिंधी बांधलेली. दगडी टेबलाभोवती सगळे जमलेच होते. हे टेबल म्हणजे छापखान्याचं देवघर म्हणा, जुळवलेलं पान याच्यावर बांधतात. एका बाजूला दादा, शेजारी वहिनी चहाची किटली घेऊन, समोर त्यांचा मुलगा. तो वकील. छत्रीवाल्यांचा गावातला चिटणीस, आणि यंदा उमेदवारीच्या रांगेत पहिला. धाकटा मशीनच्या स्टुलावर, अर्धी पाठ सगळ्यांकडे करून. ऐकतोय, पण यांच्यात बसल्यासारखा दिसायला नको, अशी त्याची ती जुनी बसण्याची तऱ्हा.

"बरं झालं आलीस, आत्या," वकील म्हणाला. "तुझ्यावाचून अडलंय. फळांची टोपली घेऊन कोण जाणार ते ठरत नाहीये."

"कुठे जायचंय?"

"नर्सबाईंकडे. माफी मागायला."

पदराच्या गाठीतून अक्काने एक पुरचुंडी काढली आणि दगडी टेबलावर सोडली. खळ्ळकन आवाज झाला. काचा होत्या.

"तिथूनच आले," ती म्हणाली. "सकाळपासून झाडतेय. काच गादीच्या शिवणीत जाऊन बसते, ठाऊक आहे का कुणाला? भुवईच्या वर पाच टाके आहेत तिच्या. अर्धा इंच खाली लागता तर डोळाच गेला होता."

नर्सबाई म्हणजे कोण, तर गावातल्या निम्म्या लोकांना जन्मताना पहिला हात जिचा लागला ती. वकिलालाही तिनेच उलटं धरून रडवलं होतं. वय सत्तर, एकटी राहते, तिसऱ्या गल्लीत, घर नंबर एक्केचाळीस. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या खिडकीवर दगड पडले. तीन.

आणि का पडले, तर छत्रीवाल्यांनी एक यादी काढली होती. 'ओळखून ठेवा' असं वर ठळक. खाली गल्ली, घर नंबर, धंदा. शिडीवाल्यांना मानणाऱ्या घरांची यादी. पाच हजार प्रती. छापल्या कुठे, ते सांगायला नको. त्या यादीत तिसरी गल्ली, घर चौदा असं हवं होतं. चौदाला राहतो घड्याळजी. छापताना चौदाचं एक्केचाळीस झालं. खिळे उलटे असतात, आरशात दिसावेत तसे. चार आणि एक यांनी जागा बदलल्या आणि दगड सत्तावीस घरं पुढे जाऊन पडला.

"चूक झाली," दादा म्हणाला. मान खालीच होती. "चाळीस वर्षांत माझ्या हातून आकडा चुकला नव्हता."

"बाबा, चूक कुणाकडूनही होते," वकील म्हणाला. "पण नर्सबाई आपल्या माणसांपैकी आहेत, दर वेळी छत्रीवरच शिक्का मारतात. पक्षात लोक विचारतायत, आपल्याच घरावर दगड कसा पडला. म्हणून म्हणतो, आज माफी मागू, नवी काच बसवून देऊ. आणि ही दुरुस्त यादी." रात्री बापाला जुळवायला दिलेले हाताने लिहिलेले कागद त्याने टेबलावर पुढे सरकवले. "उद्या सकाळी छापून हवी. वीस हजार. या वेळी आकडे तपासून."

स्टुलावरून आवाज आला. "अक्का, त्या वकिलाला सांग, माझ्या मशीनवर ती यादी चढणार नाही."

"काका, मागची चढली होती की. तेव्हा मशीनला पाय फुटले होते?"

"मागची मला न विचारता आली."

"आणि तुमच्या शिडीवाल्यांनी गेल्या साली दुकानांच्या दारांवर खडूने फुल्या मारल्या, तेव्हा कुणाला विचारलं होतं? तेव्हा तुम्ही कुठे होतात? खडू आणायला?"

वहिनी मध्ये पडल्या. "अहो, आधी टोपलीचं ठरवा ना. सफरचंदं नरम पडतायत. मी म्हणते मी जाते. बाईला बाई बरी. सांगते, चुकून झालं, घर चुकलं."

"घर चुकलं," अक्का म्हणाली.

"हो ना. चुकीच्या घरावर पडला दगड."

अक्का खाली बसली. आता अक्का कशी चिडते ते सांगतो, आवाज चढत नाही तिचा, उतरतो. आवाज उतरला की वर झोपलेली मांजरसुद्धा जिना धरते.

"चुकीच्या घरावर," ती म्हणाली. "बरं. मला अडाणीला एक समजावा. बरोबर घर कोणतं होतं?"

वहिनी टोपलीतली सफरचंदं उगाच नीट मांडायला लागल्या.

"वकिला, तू शिकलेला आहेस. तू सांग. दगड कुणाकडे पडला असता म्हणजे तुम्ही आज सफरचंदं आणली नसती?"

"आत्या, तू शब्दात पकडू नकोस."

"शब्दात कुठे, मी तुला घराच्या दारात पकडलंय. चौदा नंबर. घड्याळजी. त्याच्या भुवईला पाच टाके पडले असते तर यादी बरोबर छापली असं म्हणाला असतास की नाही?"

"त्याने काय केलंय तुला माहीत नाही. ही माणसं देश विकायला निघालीत, आत्या."

"घड्याळजी? त्याला कपाटातली सहा जुनी घड्याळं विकता येईनात वीस वर्षं. तो देश विकणार? गिऱ्हाईक कोण आणणार, तू?"

धाकटा स्टुलावर हसला. अक्का गर्रकन त्याच्याकडे वळली.

"तू दात काढू नकोस. तुझ्याकडे येतेच आहे."

मग तिने कंबरेची पिशवी उघडली आणि एक कागद काढला. चुरगळलेला, मातीचा डाग पडलेला, पण तीन घड्या अजून धारदार. तिने तो दगडी टेबलावर, काचांच्या शेजारी ठेवला.

"हा दगडाला गुंडाळलेला होता. पलंगाखाली सापडला. वाचू नका, घडी बघा. ही कडेची घडी कुणाच्या हातची आहे?"

दादाने बघितलं आणि डोळे मिटले. घरातल्या प्रत्येकाला ती घडी ठाऊक. अक्काकडे एक हाडाची पट्टी आहे, बापाने दिलेली. कागद दुमडायचा आणि पट्टी एकदाच फिरवायची. सुरीसारखी धार येते. गावात दुसऱ्या कुणाला जमत नाही.

"माझीच आहे," अक्का म्हणाली. "पाच हजार वेळा पट्टी फिरवली मी. एकदाही उघडून वाचलं नाही. घडी घालणाऱ्याने वाचायचं नसतं, मन अडकतं आणि घडी वाकडी जाते, असं आप्पा सांगायचे. घडी बघा कशी सरळ आलीय. लाज वाटावी इतकी सरळ."

आप्पा म्हणजे त्यांचे वडील. त्यांचा एक नियम होता, तो तुम्हाला आता सांगायलाच हवा. फार वर्षांपूर्वी त्यांच्या हातून एका लग्नपत्रिकेत तारीख एक दिवस पुढची पडली. पाहुणे आले तेव्हा लग्न आदल्या दिवशीच लागलं होतं आणि नवरा-नवरी आंघोळी करून, वाळत घातलेले कपडे काढत होते. तेव्हापासून नियम झाला. काहीही असो, पत्रिका असो नाहीतर दवाखान्याची चिठ्ठी, मशीनवर चढण्याआधी दोघांनी समोरासमोर बसून वाचायचं. एकाने पहिली छाप हातात घेऊन मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ लिहिलेल्या कागदावर बोट ठेवायचं आणि ओळ जुळली की म्हणायचं, "आहे." दुसरा "आहे" म्हणाला नाही तर ओळ पुढे जात नाही.

सहा वर्षं हे दोघे बोलत नव्हते. मग वाचत कसे होते? वाचतच नव्हते. दादा एकटाच मनात वाचायचा आणि दिवा विझवायचा. एकट्याने मनात वाचलं की माणूस कागदावरचं वाचत नाही, डोक्यातलं वाचतो.

"त्या यादीची पहिली छाप काढलीय का?" अक्काने विचारलं.

"पहाटेच जुळवून काढली," दादा म्हणाला.

"मग बसा दोघं. वाचा."

"आत्या, याला वेळ कुठे आहे," वकील म्हणाला. "आता असलं कोण करतं?"

"हा छापखाना करतो. आकडे तपासून हवेत ना तुला? तपासून देतो. आणि दादा, धाकट्या, ऐका, माझं पोस्ट आजपासून बंद. निरोप असेल तर ज्याचा त्याने सांगावा."

दादाला वाटलं, वाचून टाकू, विषय संपेल. धाकट्याला वाटलं, बसू, बघू याची वाचायची हिंमत. दोघे समोरासमोर बसले. दादाने चष्मा लावला. धाकट्याने मूळ कागदावर शाईचं बोट ठेवलं.

"गल्ली पहिली, घर सहा, इस्त्रीवाला."

"आहे," धाकटा म्हणाला.

तीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं. आणि खरं सांगतो, अक्काला क्षणभर गोड वाटलं. सहा वर्षांनी एक भाऊ बोलला आणि दुसऱ्याने उत्तर दिलं. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचीच शिसारी आली. बोलले, आणि काय बोलले?

"गल्ली पहिली, घर अकरा," दादा वाचत होता, "शाळेतल्या गाण्याच्या..." तो अडला. "गाण्याच्या बाई."

"आहे."

वहिनींच्या हातातली किटली कपावर आपटली. "कोणत्या गाण्याच्या बाई?"

"आई, शाळेत एकच बाई आहे गाण्याची," वकील म्हणाला. "तिचा नवरा शिडीच्या सभेत पेटी वाजवतो."

"मी तिचं विचारतेय. तू सात वर्षांचा होईपर्यंत 'क' म्हणताना अडायचास. क-क-क करून निळा व्हायचास. तिने दोन वर्षं रोज शाळा सुटल्यावर तुला गाऊन गाऊन बोलायला शिकवलं. पैसा घेतला नाही. आज कोर्टात ज्या जिभेने बोलतोस ना, ती तिने सोडवलीय."

"आई, हे वैयक्तिक नाहीये."

"घर नंबर लिहिलाय रे वर," वहिनी म्हणाल्या. "याहून वैयक्तिक काय असतं?"

सकाळपासून या बाई मुलाच्या बाजूने होत्या. टोपली त्यांचीच कल्पना. आता त्यांनी खुर्ची सरकवली ती अक्काच्या बाजूला. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला, तेवढाच आवाज.

दादाने पुढची ओळ धरली. आता तो एकेक शब्द सुटा वाचत होता.

"गल्ली तिसरी, घर चौदा, घड्याळजी."

धाकट्याचं बोट ओळीवर होतं. तोंड मिटलेलं.

"गल्ली तिसरी, घर चौदा," दादाने पुन्हा वाचलं. "आकडा बरोबर आहे या वेळी. बघ."

धाकट्याने बोट मागे घेतलं.

"अरे, जुळतंय की नाही?"

"मागच्या वेळी मी पाहिलं होतं," धाकटा म्हणाला.

"काय पाहिलं होतंस?"

"एक्केचाळीस. शाई लावतानाच दिसलं. खिळ्यात एक्केचाळीस होतं आणि मूळ लिहिलेल्या कागदावर चौदा. मशीन थांबवायला हात गेला माझा." तो बोटाकडे बघत बोलत होता. "मग वाटलं, बरं झालं. घड्याळजी वाचला. आणि पडू दे त्यांचा दगड त्यांच्याच माणसांवर, कळू दे. मशीन चालू ठेवलं. पाच हजार काढल्या."

दादा उभा राहिला. "तुला दिसलं होतं? आणि तू गप्प बसलास?"

"तू विचारलंस कुठे? सहा वर्षांत मला काय विचारलंस तू?"

"बाईचा डोळा जाणार होता."

"घड्याळजीचा गेला असता तर? तर तू वर जाऊन जेवला असतास, रोजच्यासारखा. मी हे तुझ्याकडूनच शिकलो, दादा. कोण आहे ते बघायचं नाही, कुणाचा आहे ते बघायचं."

दादाचा हात उगारला गेला होता. तो तसाच टेबलावर आला, काचांवर. पंजाला रक्त आलं तरी त्याने उचलला नाही.

अक्का म्हणाली, "सकाळी काचा झाडताना मी नर्सबाईला म्हटलं, माझी भावंडं येतील माफी मागायला. ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, 'मी दोन हजार पोरं हातावर घेतली. एकाच्याही कपाळावर छत्री नव्हती की शिडी नव्हती. दगड चुकून पडला अशी माफी असेल तर ती मला नको. ज्याच्यावर पडायचा होता त्याच्याकडे जा आधी.' आणि पाच टाके घेतलेली ती बाई चहा करायला उठली, मला. पाच हजार घड्या घातल्या त्या मला."

वकिलाने कागद गोळा करायला हात घातला. "ठीक आहे. गावात दुसरा छापखाना आहे. मी तिकडे देतो. पण बाबा, एवढं समजून घ्या, उद्या ही यादी गेली नाही तर माझं नाव वर जाणार नाही. आठ वर्षं घासलीयत मी."

मूळ कागद मात्र हाताला लागला नाही. वहिनींनी गरम किटली नेमकी त्यावर ठेवली होती आणि हात किटलीवर. "उचल," त्या म्हणाल्या. "भाजलं तर नर्सबाई आहे पट्टी करायला."

वकिलाने आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं. बाप काही बोलेल म्हणून थांबला. दादा हाताला फडकं गुंडाळत होता. वकील गेला. दार आपटलं नाही त्याने, हळूच लावलं, आणि तेच दादाला जास्त लागलं.

मग दादाने यादीचं बांधलेलं पान पुढे ओढलं. गाठ सोडली. आणि एकेक खिळा उचलून ज्याच्या त्याच्या खणात टाकायला लागला. चौदा गेले, सहा गेले, गाण्याच्या बाई गेल्या. शेवटचा खिळा पडल्यावर त्याने खिळे जुळवायची रिकामी पट्टी हातात घेतली आणि नवी ओळ जुळवायला घेतली. अक्काने विचारलं नाही काय जुळवतोयस. अर्ध्या तासाने छाप काढून तो धाकट्यासमोर बसला आणि मोठ्याने वाचलं:

"गेल्या आठवड्यातली यादी नजरचुकीने आम्ही छापली."

धाकट्याने बोट ठेवलं नाही. "नजरचुकीने नाही. मी बघून छापली आणि तू समजून जुळवलीस."

दादाने ते अख्खं 'नजरचुकीने' चिमट्याने उपटून काढलं. मग धाकटा म्हणाला, "लिही, छत्रीवाल्यांच्या सांगण्यावरून."

"नाही."

"का? खोटं आहे?"

"खरं आहे. पण सांगणारे कुणीही असोत, हात आपले होते. ते घालायला लावलंस तर मी वाचणार नाही."

धाकट्याने बराच वेळ डोकं खाजवलं, शाई टकलाला लागली. "बरं," म्हणाला. "हात आपले, असंच घाल."

चार ओळींना दीड तास लागला. भांडण एकेका शब्दावर. पण समोरासमोर, आणि मध्ये पोस्ट नव्हतं. शेवटी पान मशीनवर चढलं. पाच हजार, यादी जितकी गेली तितकेच. अक्काने घडी घातली नाही. उघडाच जाऊ दे म्हणाली.

दुपारी दोघे भाऊ तिसऱ्या गल्लीत गेले, आधी चौदाला. घड्याळजीने दार अर्धंच उघडलं. डोळ्याला भिंग लावूनच उभा होता, त्याच भिंगाने त्याने कागद वाचला, दोनदा. "मला विचार करू द्या," म्हणाला आणि दार लावलं. ते बरोबरच होतं. आपण दगड छापायचा आणि त्याने लगेच पाणी विचारायचं, असं थोडंच असतं. मग एक्केचाळीसला गेले. नर्सबाईने दादाच्या पंजाकडे बघितलं आणि आधी तो धुतला.

संध्याकाळी छापखान्याची खिडकी फुटली. छत्रीवाल्यांनी फोडली का शिडीवाल्यांनी, कळलं नाही. दोघांकडेही कारण होतं. अक्काने झाडू घेतला. धाकटा म्हणाला, "दादा, सूप धर." दादाने धरलं.

त्या पाच हजारांतला एक कागद माझ्याकडे आहे, हा बघा. वीस वेळा वाचलाय, पण एकटा, मनात, आणि तसं वाचण्यावर माझा आता भरवसा राहिला नाही. तेव्हा एवढं करा माझ्यासाठी. इकडे या, समोर बसा. मी मोठ्याने वाचतो, तुम्ही ओळीवर बोट ठेवा. पटली तर "आहे" म्हणा. नाही पटली तर गप्प बसा, मी थांबेन.